हळदीत रंगवलेलं दुपटं साबणानं लाल झालं! कांद्याची सालं, डाळिंब, हिरडा... घरी कापड कुणी रंगवलंय का?

टाचणी_लातूर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढायलेय, सांभाळून घ्या. बहिणीला मुलगी झालीय, बारसं जूनच्या १५ तारखेला ठेवलंय. म्हणलं मावशी म्हणून विकतचं काय न्यायचं, आजोबांचं जुनं धोतर आईनं जपून ठेवलं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, त्याची चार दुपटी आन एक कुंची शिवू. आन पांढरं कशाला, सैपाकघरातल्याच कशानंतरी रंगवू म्हणजे लेकराच्या अंगाला केमिकल नको. व्हिडिओ बघून एक दुपटं हळदीत टाकलं. मोठ्या पातेल्यात चार चमचे हळद, मूठभर मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धा तास उकळलं. रंग असला पिवळाजर्द आला की शेजारच्या काकू पण बघायला आल्या. मग खळखळून धुवावं म्हणून साबणाची वडी लावली आन माय गं! जिथं जिथं वडी लागली तिथं तिथं लाल. माझ्या बोटांचे ठसे सुद्धा लाल. सासूबाई म्हणाल्या बाळंतिणीच्या घरी हे न्यायचं का. तसंच वाळत घातलं गच्चीवर, दोन दिवसात वरची बाजू फिकी आन घडीतली बाजू गडद. माझं काय चुकलं? आन कांद्याची सालं वगैरे म्हणतात ते खरंच होतं का?

भुईमुगाच्या_शेंगा
चुकलं काय, कुंकू तयार झालं की ताई. फुकटात.

हळदकुटा_वसमत
वरचे हसायलेत पण खरंच बोललेत. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तसंच साबणात, सोड्यात खार असतो तो लागला की हळद लाल पडती. आमच्याकडं हळद शिजवून पॉलिश करणारी बाया-माणसं संध्याकाळी साबणानं हात धुतात तर फेस लाल येतो, नवीन माणूस घाबरतंय. तुम्ही एक करा, त्या लाल डागावर लिंबू पिळा.

टाचणी_लातूर
पिळलं!!! पुन्हा पिवळं झालं!! लेकरं म्हणायलीत आई पुन्हा साबण लाव. जादूच चालू आहे इथं.

परभणीची_काकू
टाचणी, जादू संपली की वाच, जरा लांब लिहितेय. मी आमच्या विद्यापीठातल्या गृहविज्ञान कॉलेजात शिकले (आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात), तिथं कापडाचा विषय होता, त्यानंतर पंधराएक वर्षं घरीच उद्योग करते, विकत नाही, नातेवाइकांना वाटते.

हळदीत जे रंगद्रव्य असतं त्याला कुर्क्युमिन म्हणतात. ते सुतावर थेट बसतं, काही न करता बसतं, म्हणून सगळे व्हिडिओवाले हळदीपासून सुरुवात करतात, व्हिडिओ छान दिसतो. पण ते उन्हात टिकत नाही. आता सांग, पांढऱ्या शर्टावर वरणाचा पिवळा डाग पडला तर तुझी आई काय करायची? साबणानं धुऊन उन्हात टाकायची. डाग संध्याकाळपर्यंत गायब. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी आपण त्याच हळदीत अख्खं कापड रंगवून गच्चीवर लातूरच्या मे महिन्याच्या उन्हात वाळत घालतो आणि वर विचारतो रंग का उडाला.

मीठ आणि व्हिनेगरचं पण सांगते कारण ते फार पसरलंय. मीठ बाजारातल्या पुडीतल्या रंगाला लागतं, सुती कापडावर तो रंग ढकलायला. व्हिनेगर लोकर-रेशमावरच्या काही रंगांना लागतं. सालं, पानं, फुलं यांच्या रंगाला सुती कापडावर दोन्हीचा काही उपयोग नाही. नुसतं मीठ वाया.

कापडाला रंग धरायला मधे कुणीतरी मध्यस्थ लागतो. लग्न जमवणारा असतो ना तसा. आपल्याकडचा मध्यस्थ तुरटी. पण सुती धागा तुरटीलासुद्धा नीट धरत नाही, लोकर धरते, रेशीम धरतं, सूत मात्र हट्टी. म्हणून आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. जुने रंगारी हेच करायचे. संभाजीनगरात अजून रंगार गल्ली आहे बघ, नाव त्यावरूनच. रंगारी राहिले नाहीत, नाव राहिलं.

बाकी संध्याकाळी लिहिते, भाकरी टाकायच्यात.

गोदाकाठचा_पैठण
मध्यस्थ 😄 काकू एक नंबर.

कोरडवाहू
राग येईल तर येऊ द्या. इथं आमच्या गावाला आठ दिवसाला टँकर येतो, त्यावर घागरीची भांडणं, आन तुम्ही पातेल्यावर पातेली पाणी कापड रंगवायला घालायलात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरले का सगळे? दुकानात शंभर रुपयात रंगीत दुपटं मिळतं.

टाचणी_लातूर
कोरडवाहू दादा, विसरले कशी. त्या वर्षी एप्रिलात ती गाडी आली तेव्हा माझं नुकतं लग्न झालं होतं, माहेरून आंदणात काय हवं तर मी ५०० लिटरची टाकी म्हणले होते. खोटं नाही. तुमचं बोलणं लागलं पण बरोबर आहे. काकू, किती पाणी लागतं हो खरंच?

परभणीची_काकू
कोरडवाहू यांचा राग रास्त आहे, टाळून पुढं जाण्यासारखा नाही. हिशोबच करू.

दुपटं वजन करा, साधारण १०० ग्राम भरेल. कापड पाण्यात मोकळं फिरलं पाहिजे एवढंच पाणी, म्हणजे १०० ग्रामला २ ते ३ लिटर. उकळून मळ काढायला एकदा, हिरड्याला एकदा, तुरटीला एकदा, रंगाला एकदा, मधे दोनदा खंगाळणं. १२ ते १८ लिटर धरा. चार दुपटी एकत्र केली तरी चौपट लागत नाही, कारण हिरड्याचं आणि तुरटीचं पाणी पुन्हा वापरता येतं, दर खेपेला थोडी भर टाकायची. मळाचं पाणी संडासात टाका. मे महिन्यात तुमचा कूलर एका दिवसात यापेक्षा जास्त पितो. शंभर रुपयाच्या दुपट्याला पण पाणी लागलेलंच असतं, फक्त ते दुसऱ्या गावचं असतं आणि रंगाचं उरलेलं पाणी तिथल्या नाल्यात.

तरीपण ज्यांच्याकडं टँकर आहे त्यांनी आत्ता करू नये, पावसाळ्यात करावं. ते मी पण मानते. मी स्वतः मार्च ते मे काही रंगवत नाही.

कोरडवाहू
कूलरचं बरोबर हाय. बसवला नाही आम्ही, पण बरोबर हाय. चालू द्या.

परभणीची_काकू
आता कृती. १०० ग्राम कापडाचं माप देते, बाकी गुणाकार आपला आपण.

आधी कापड कशाचं आहे ते बघा. कडेचा एक दोरा काढून पेटवा, कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून टोकाला कडक मणी झाला तर टेरीकॉट, ते परत कपाटात ठेवा, त्यावर काही चढणार नाही. नवीन मांजरपाट असेल तर त्याला खळ असते, ती काढल्याशिवाय रंग डाग डाग बसतो. दोन ग्राम धुण्याचा सोडा आणि जरासा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं निघतं, बघून किळस येते, आपण हे अंगात घालत होतो म्हणून. आजोबांच्या धोतराला एवढं लागणार नाही पण साबण बसलेला असतो, एकदा उकळाच.

मग हिरड्याची पूड २० ग्राम, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवायचं. सकाळी न धुता पिळून वाळवायचं. कापड मळकट पिवळसर होईल, घाबरायचं नाही. हिरडा नसेल तर डाळिंबाची साल, तिच्यात पण तोच तुरटपणा असतो. जिभेला जे ओढून धरतं ते सुताला पण धरतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग तुरटी १५ ग्राम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची. वेगळ्या वाटीत २ ग्राम धुण्याचा सोडा विरघळवून तो थोडा थोडा तुरटीच्या पाण्यात ओतायचा. एकदम ओतू नका, फसफसून ओट्यावर येतं, माझं आलंय. फेस बसला की कापड टाका, रात्रभर. सकाळी हलकं खंगाळा.

आणि मग रंग. कांद्याची वाळलेली सालं कापडाच्या वजनाइतकी नाहीतर निम्मी. रात्री भिजवा, सकाळी मंद आचेवर पाऊण तास शिजवा, गाळा, ओलं कापड त्यात सोडा, पाऊण तास मंद आच, उकळी फुटू द्यायची नाही, मग तसंच झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी काढा, सावलीत वाळवा. आठ दिवस धुऊ नका. धुवाल तेव्हा रिठा, पावडर नाही. पावडरीत खार असतो, रिठा आंबट बाजूचा.

हात हलवत राहायचं. पातेल्याच्या तळाशी घडी पडली की तिथं पट्टा येतो आणि तो काही केल्या जात नाही.

नांदेडची_सून
काकू १०० ग्राम सालं म्हणजे किती होतात माहितीय का! मी एकदा जमवली, दोन महिने घरातली सगळी सालं ठेवली तर ४० ग्राम भरली. वाऱ्यानं उडतात नुसती.

हळदकुटा_वसमत
घरी कामून जमवता, आडतीवर जा. कांद्याच्या आडतीत सालपटाचे ढीग असतेत, झाडून टाकतेत. पोतं न्या, हमाल भरून देईल वर म्हणेल अजून न्या.

टाचणी_लातूर
गेले होते आज!! भावाच्या गाडीवर पोतं बांधून आणलं, रस्त्यानं सालं उडत होती, सगळं गाव बघत होतं ही बाई काय नेतेय. डाळिंबाची सालं ज्यूसच्या गाड्यावरून आणली, त्यानं विचारलं जुलाबाला का. हो म्हणले, कोण समजावत बसावं.

मोसंबीवाली_जालना
मला निळा पाहिजे, गुलाबी पाहिजे. पिवळा-तपकिरी-पिवळा-तपकिरी किती बघायचं. बीट? पालक? गोकर्णाची फुलं? माझ्या कुंपणावर गोकर्ण लदबदलीय.

परभणीची_काकू
नको. बीट पातेल्यात काय सुंदर दिसतं, कापडावर पण पहिल्या दिवशी दिसतं, पहिल्या धुण्यात बेज, दुसऱ्यात काही नाही. तो रंग उष्णतेनंच मोडतो. पालकाचा हिरवा पाण्यात उतरतच नाही, गाजराचा पण नाही, म्हणून तर तेलातल्या भाजीवर तवंग केशरी येतो आणि पाणी तसंच राहतं. गोकर्ण, जांभूळ, लाल कोबी यांचे जांभळे-निळे लिंबानं गुलाबी, सोड्यानं हिरवे होतात, शाळेच्या प्रदर्शनाला उत्तम. कापडाला नाही.

स्वयंपाकघर तुम्हाला पिवळा, सोनेरी, खाकी, तपकिरी, राखाडी एवढंच देतं. ते मान्य करून बसायचं. निळा म्हणजे नीळ, नीळ म्हणजे वेगळीच पूजा, ती पाण्यात विरघळतच नाही, चुना आणि गूळ घालून तिचं आंबवण लावावं लागतं, तेव्हा ती हिरवट-पिवळी होऊन कापडात शिरते आणि बाहेर काढल्यावर हवेत निळी पडते. आणि ती धुण्यात घालायची नीळ नव्हे हं, नाव एक आहे फक्त.

गुलाबी हवा तर मंजिष्ठ, औषधी मुळी असते ती. मसाल्याच्या डब्यात नसतो पण हिरड्याच्याच दुकानात मिळतो. तुरटी लावलेल्या कापडावर विटकरी ते गुलाबी, मापावर आहे. फक्त उकळायचा नाही, बोट क्षणभर बुडवता येईल एवढंच गरम, जास्त तापला की तपकिरी होतो.

मोसंबीवाली_जालना
नैसर्गिक निळ्यावरून आठवलं. एका प्रदर्शनातून साडेतीन हजाराचा कुर्ता घेतला, शंभर टक्के नैसर्गिक म्हणून बाईनं शपथा घेतल्या. लग्नात घातला, आपल्याकडचं मे महिन्याचं लग्न, घामानं पाठ निळी, आतलं निळं, नवऱ्याचा पांढरा शर्ट खांद्याला निळा (फोटोसाठी टेकलो होतो). फसवलं ना मला?

परभणीची_काकू
सांगता येत नाही गं. खऱ्या निळीचा पण सुरुवातीला घासून रंग लागतो, नीट धुतलं नसेल तर जास्तच. नुसत्या डोळ्यानं बघून मला पण ओळखता येत नाही. पण साडेतीन हजार घेऊन शेवटचं धुणं तिनं करायला पाहिजे होतं, ते तुझ्या पाठीवर केलं.

तेरणाकाठ
धाराशिवहून. आमची आज्जी शिमग्याला पळसाची फुलं आणायची माळावरनं, रात्री रांजणात भिजू घालायची, सकाळी केशरी पाणी. तेच लेकरांच्या अंगावर उडवायचं, कपड्याला लागलेलं मग जायचं नाही. आता पळस शोधत फिरावं लागतंय, जे हाय ते रोडच्या कामात गेलं. फेब्रुवारी-मार्चला फुलतंय ते, आता मे मध्ये काय नाही मिळणार. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

सोयाबीन_किंग_औसा
गड्यांनो एक विचारतो, हसू नका. आमच्या बायकोनं कुठं तरी बघितलं की सोयाबीनच्या दुधात कापड बुडवून मग रंगवतात. घरात दहा पोती सोयाबीन पडलंय भाव नाही म्हणून. खरं आहे का हे?

परभणीची_काकू
खरं आहे आणि तुमच्याकडं तर हेच करायला पाहिजे. वहिनींना सांगा. वाटीभर सोयाबीन रात्री भिजवा, सकाळी वाटून दीड-दोन लिटर पाणी घालून फडक्यानं गाळा. पातळच पाहिजे. कापड बुडवा, पिळा, वाळवा, पुन्हा बुडवा, वाळवा, असं तीनदा, सगळं एका दिवसात, कारण ते दूध तासातासाला नासतं. दाट असेल तर कापड पापडासारखं कडक होतं. मग आठवडाभर तसंच ठेवा आणि नंतर रंगवा. लोकरीत आणि रेशमात जसं प्रथिन असतं तसा एक पातळ थर सुतावर बसतो आणि रंग त्याला धरतो. मध्यस्थ नाही म्हणता येणार, सुताला लोकरीचा सदरा घातल्यासारखं आहे. यात मराठवाड्याचं ऊन कामाला येतं, दहा मिनिटात वाळतं. पुण्याकडच्या एका मैत्रिणीनं पावसाळ्यात केलं तर कापडाला आंबूस वास लागला तो गेलाच नाही.

सोयाबीन_किंग_औसा
वाटीभर होय. मग दहा पोत्याचं काय 😐

टाचणी_लातूर
मंडळी पहिला निकाल, आन मला रडू आलंय. सगळं काकूंनी सांगितलं तसं केलं, मोजून, सोन्याच्या काट्यासारखं. कांद्याचा रंग पातेल्यात केशरी सोन्यासारखा होता. कापडावर मातकट आलाय. जुन्या पोत्याचा रंग असतो तसा. वाईट नाही पण ते सोनेरी नाही. काकूंच्या डीपीतला रुमाल बघा आन माझं बघा. हिरडा सुद्धा काळपट बसला होता, पण म्हणलं असेल तसाच.

परभणीची_काकू
पाणी कुठलं वापरलं?

टाचणी_लातूर
बोअरचं. नळाला दहा दिवसाला येतं, ते प्यायला.

परभणीची_काकू
मग तिथंच आहे. मी आधी सांगायला पाहिजे होतं, चूक माझी. एक काचेचा ग्लास घे, बोअरचं पाणी भर, चिमूटभर हिरड्याची पूड टाक, दहा मिनिटांनी बघ. हिरडा नसेल तर कोऱ्या चहाचं पाणी चालेल.

टाचणी_लातूर
जांभळट काळं झालंय. शाई टाकल्यासारखं. जारच्या पाण्यात केलं तर नुसतं पिवळसर.

परभणीची_काकू
शाईच ती. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (त्यात लोखंड असतं) घालूनच काळी शाई करायचे. तुझ्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, ते हिरड्याच्या तुरटपणाला भेटलं की काळं पडतं आणि सगळा रंग मळवतं. तुझं माप, आच, सालं, काहीच चुकलं नाही.

आपल्याकडं दोन भानगडी आहेत. एक लोखंड, सगळीकडं नसतं पण असलं की असं होतं. दुसरे क्षार, ते तर बहुतेक ठिकाणी आहेत, गिझरची कॉइल नाहीतर पातेल्याचा तळ बघा, पांढरा थर. खारं पाणी रंग हलवतं, पिवळा तपकिरीकडं जातो. थोडे क्षार काढायचे तर पाणी आदल्या दिवशी खळखळ उकळून ठेवायचं, सकाळी वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं, तळाचं सोडायचं. त्यानं सगळे जात नाहीत, पण फरक पडतो. लोखंडाच्या नादाला लागायचं नाही, सरळ पाणी बदलायचं. जारचं घे, नाहीतर थांब. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र घेऊ नको, त्यात क्षार अजून दाट.

नांदेडची_सून
म्हणजे माझं चार वर्षांपूर्वीचं डाळिंब हिरवट-काळं झालं ते... मी डाळिंबवाल्याला शिव्या घातल्या होत्या 🙈

कोरडवाहू
मृग लागतोय ७ तारखेला. पावसाचं पाणी धरा की. त्यात क्षार नाही लोखंड नाही. फुकट. टँकरवाल्याला विचारावं लागत नाही.

परभणीची_काकू
कोरडवाहू, सगळ्यात कामाचं तुम्हीच बोललात. टाचणी, पत्र्यावरून आलेलं पाणी धरू नको, पत्रा गंजलेला असेल तर पुन्हा लोखंडच. अंगणात उघड्यावर स्टीलची पातेली मांड. आणि पहिला अर्धा तास जाऊ दे, तो धूळ धुऊन आणतो.

नांदेडची_सून
एक शंका, लेकराच्या कापडाला तुरटी चालते का? माझ्या जाऊबाई म्हणतात पुरळ येईल.

परभणीची_काकू
तुरटी आपण गढूळ पाण्यात फिरवून ते पाणी पितो, दाढी केल्यावर गालाला लावतो. नीट खंगाळलेलं कापड असलं तर काळजी नाही, तरी पण लेकराची कातडी प्रत्येकाची वेगळी, आधी तुकडा लावून बघा. मी हिराकस लेकराच्या कापडाला वापरत नाही. मोठ्यांच्या कापडाला वापरते, कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतो, पिकं पिवळी पडली की फवारतात तोच, कांद्याच्या सोनेरीचा शेवाळी खाकी करतो. पण १०० ग्रामला २ ग्राम, वर नाही. जास्त झाला तर कापड वर्षा-दोन वर्षात विरून जातं. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, काही व्हिडिओत सांगतात, हिरवा छान येतो म्हणून. ज्यांनी द्राक्षावर बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) मारलंय त्यांना विचारा ते काय विष आहे. घरातल्या पातेल्यात तर अजिबात नाही.

रंगाचं पातेलं, चमचा, चाळणी वेगळी ठेवा. माझ्या पातेल्यावर नेलपेंटनं फुली मारलीय, तरी सासऱ्यांनी एकदा त्यात चहा ठेवला.

हळदकुटा_वसमत
ते हळदीचं दुपटं फेकलं का हो? नका फेकू, घरातली हळद हाय. रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा, चार-सहा महिने जाईल. फक्त लेकरानं रात्री ओलं केलं आन तसंच सकाळपर्यंत पडलं तर लाल डाग दिसतील, घाबरू नका म्हणावं. मुरलेल्या मुतात पण खार असतो.

भुईमुगाच्या_शेंगा
पुन्हा कुंकू.

टाचणी_लातूर
९ जून. पडला! रात्री अडीचला पत्रे वाजले तशी उठले, आम्ही दोघं आन सासूबाई, लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात अंगणात पातेली, परात, कुकर, नवऱ्यानं बादली पण ठेवली. सासूबाईंना कळत नव्हतं कशाला पण परात त्यांनीच सरकवली गच्चीच्या पन्हाळीखालून बाजूला, म्हणाल्या तिथं पाल असते. अकरा लिटर भरलं. शेजारचे काका खिडकीतून म्हणाले काय गळायलंय का घर.

टाचणी_लातूर
१३ जून. हे घ्या. चार दुपटी.

पहिलं ते मातकट, बोअरचं. तसंच ठेवलं. दुसरं पावसाच्या पाण्यात कांदा, त्याच पोत्यातली सालं, तेच माप. काय सांगू. तव्यावर भाजलेल्या बेसनाचा रंग असतो ना लाडूला काढायच्या आधीचा, तो. दोन्ही शेजारी ठेवली तर कुणी म्हणणार नाही एकाच सालाची. तिसरं डाळिंब, फिकट पिवळं, थोडं हिरवट झाक, मला वाटलं होतं त्यापेक्षा साधं आलं पण सासूबाईंना तेच आवडलं. चौथं हळद.

कुंचीला मंजिष्ठ. पावसाचं पाणी जपून ठेवायचं म्हणून जारचं घेतलं. एकदा लक्ष नव्हतं, फोन आला होता, जरा जास्त तापलं आन गुलाबी जायच्या ऐवजी कुंची विटेकडं झुकली. कडेला आईनं पांढरी झालर लावली तर बरी दिसतेय. पावसाच्या पाण्याचं उरलेलं तीन लिटर कळशीत झाकून ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही.

मोसंबीवाली_जालना
दुसरं दुपटं!! फोटो बघूनच हात लावावा वाटतोय.

तेरणाकाठ
बेसन लई बरोबर पकडलं.

परभणीची_काकू
मातकट टाकू नको. हिवाळ्यात ते सगळ्यात जास्त वापरलं जाईल बघ, त्यावर डाग दिसत नाही. आणि दसऱ्याला झेंडू स्वस्त होतो तेव्हा ये, तोरणाची वाळलेली फुलं फेकायची नाहीत, तुरटीवर तो पिवळा हळदीपेक्षा किती तरी टिकतो.

सोयाबीन_किंग_औसा
आमच्याकडं पण झालं एक. सोयाबीनचं दूध आन चहा. पंचा रंगवला माझाच. बायको म्हणते बिस्कीट कलर. मला तरी चहा सांडल्यासारखाच दिसतोय, पण चार धुण्यात गेला नाही अजून. तिनं आता माझ्या सगळ्या बनियनवर डोळा ठेवलाय.

टाचणी_लातूर
बारसं झालं. नाव ठेवलं मृण्मयी, तिला मातकट दुपट्यातच पाळण्यात घातलं, शेवटी तेच हाताशी होतं. आन आज सकाळी साडेसहाला मेहुण्यांचा फोन, आवाज कापतोय, ताई हिच्या दुपट्यावर लाल डाग आहेत, दवाखान्यात निघालोय. मी म्हणले कुठलं दुपटं, पिवळं का. हो म्हणे. बहिणीला सगळं सांगितलं होतं मी, त्यांना सांगायचं राहिलंच.

हळदकुटा_वसमत
लिंबू पिळा म्हणावं.